कण्हेर – पाणी नको

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद मी तीन आठवडे झाले तरी काढलेला नाही. मे महिन्यात 17 दिवस लेकीकडे नाशिकला होते. जाताना वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे झाडांना पाणी घालायचं काम सोपवलं होतं. नुकतीच सहावी संपलेला, शब्दाला जागणारा मुलगा. त्याच्यासाठी वहीच्या पानावर यादी करून दिली. मोगरा – रोज संध्याकाळी दोन तांबे. गुलाब – रोज सकाळी, बुंध्याशी, पानांवर नको. अनंत – माती सतत ओली राहिली पाहिजे. कढीपत्ता – एक दिवसाआड. तुळस – रोज. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावी तशी ओळ: कण्हेर – पाणी नको, तिला लागत नाही.

परत आले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. बॅग दारातच ठेवून आधी मागं गेले. त्या आठवड्यात सोसायटीत टँकर दोन दिवस आलाच नव्हता, त्यामुळे अनंताची पानं कडेनं करपली होती आणि एक गुलाब गेलाच होता. मोगरा तगून होता. कुंपणाशी कण्हेर उभी होती, शेंड्या-शेंड्याला गुलाबी गुच्छ घेऊन. खालच्या फरशीवर गळलेल्या फुलांचा सडा. मुलगा माझ्या मागोमाग धावत आला. गुलाबाबद्दल त्याला वाईट वाटत होतं, पण एक गोष्ट सांगताना त्याचा चेहरा उजळला. "काकू, कण्हेरीकडे मी एकदाही गेलो नाही हां. तुम्ही लिहिलं होतं तसं."

मी त्याला शाबासकी दिली. लाडू दिला. तो गेला, आणि मी तो कागद वाचला.

तिला लागत नाही. अक्षर माझंच होतं, पण वाक्य माझं नव्हतं. ते मी कुठंतरी ऐकलेलं होतं, आणि एकदा नव्हे, पुष्कळदा.

आमचं गाव म्हसवडच्या पलीकडं, माणदेशात. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, धुकं आणि स्ट्रॉबेरी आठवते. त्याच जिल्ह्यात तिकडं वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि आमच्याकडे 500 च्या आतबाहेर. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. आमच्या वाट्याला त्यांची सावली येते. लहानपणी आषाढात अंगणात बसून पश्चिमेकडून येणारे ते काळे ढग मी पाहिलेत. वारा इतका की पत्रे उडतील, वास पावसाचा, आणि थेंब एक नाही. माती मुरमाड, पायाखाली खरखरणारी. झाडं म्हणजे बाभळ, बोर, लिंब, तरवड, आणि घराघराच्या मागं एखादी कण्हेर.

आमची कण्हेर न्हाणीच्या भिंतीला लागून होती. गुलाबी, एकेरी पाकळ्यांची. जून-जुलैच्या संध्याकाळी तिचा मंद वास यायचा, भिजवलेले बदाम सोलताना येतो त्याच्या जवळपासचा, थोडा गोड आणि थोडा कडवट. तिच्यावर घरात कुणी खर्च केला नव्हता. शेळ्या तिला तोंड लावत नसत म्हणून कुंपण नको, आणि दुष्काळातही हिरवी राहायची म्हणून काळजी नको. "कण्हेरीला काय लागतंय?" हे आजीचं वाक्य. "ती आपली आपण जगतीया."

त्या घरात असं बोललं जायचं ते फक्त कण्हेरीबद्दल नाही.

आम्ही तिला आत्ती म्हणत असू. वडिलांची मोठी बहीण. 1971 साली एक पत्र्याची ट्रंक घेऊन ती माहेरी आली आणि परत गेली नाही. का आली हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण आमच्या दृष्टीनं ती कायमची तिथलीच होती, जात्यासारखी, उंबऱ्यासारखी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठलेली आणि रात्री सगळ्यांच्या नंतर आडवी झालेली. दिवाळीला लुगडी यायची तेव्हा आजी म्हणायची, वन्संना एवढं भारी कशाला, म्हणजे माझ्या आईच्या वतीनं आजीच म्हणायची, तिला कुठं जायचंय. पुरणपोळीवर तूप वाढताना पातेलं आत्तीच्या ताटावरून पुढं जायचं. "तिला न्हाई लागत." कुणी दुष्टपणानं म्हणत नसे. अगदी सहज, माहितीच द्यावी तसं. आत्तीही मान हलवायची. मी बरोबर तिच्या शेजारी बसायची, कारण तिच्या ताटातली कुरडई ती मला द्यायची. तिलाही कुरडई आवडत असेल असं माझ्या मनात आलं ते चाळिशी उलटल्यावर.

साताऱ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद असायचा. आमच्या जर्नलमध्ये 'टी. एस. ऑफ नेरियम लीफ' असं ठळक अक्षरात शीर्षक. पानाचा तुकडा बटाट्याच्या फोडीत खोचायचा, दाढीचं ब्लेड पाण्यात ओलं करून एका दिशेनं ओढायचं, काप वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडायचे, त्यातला सगळ्यात पातळ ब्रशनं उचलून सॅफ्रॅनिनच्या लाल रंगात बुडवायचा. माझे काप जाड यायचे. एकदाच एक काप असा आला की सिगारेटच्या कागदाइतका पारदर्शक. तो ग्लिसरिनच्या थेंबात ठेवला, वर काचेची चकती टेकवली, डोळा लावला, आणि मी बराच वेळ उठलेच नाही.

साध्या पानाला वरून पेशींच्या एका थराची त्वचा असते. कण्हेरीच्या पानाला एकावर एक असे थर असतात, आणि त्यावर मेणचट आवरण जाड. सूर्य तिथंच अडतो. पान ज्यातून श्वास घेतं आणि ज्यातून पाणी उडून जातं ती रंध्रं वरच्या बाजूला नाहीतच. खालच्या बाजूला आहेत, आणि तीही उघड्यावर नाहीत. पानाच्या खालच्या अंगाला खोल खळगे आहेत, त्या खळग्यांच्या आत रंध्रं दडलेली, आणि खळग्याच्या तोंडापर्यंत बारीक केसांची दाटी. बाहेर कितीही झळा असोत, त्या केसांमध्ये दमट हवेचा एक कोंडलेला श्वास टिकून राहतो, म्हणून आतलं पाणी भराभर जात नाही. आमच्या मॅडम परीक्षेच्या दृष्टीनं सांगत होत्या की खळगे आणि केस काढायला विसरू नका, त्याचे गुण आहेत. मी ते पेन्सिलीनं काढले. मला तेव्हा त्या पानाचं कौतुक वाटलं होतं. आज त्या आकृतीकडे पाहिलं की वेगळं काही दिसतं. ज्याला तहान लागत नाही ते एवढी तजवीज कशाला करेल? तहान आहे म्हणूनच तर थरावर थर आहेत, केस आहेत, खळगे आहेत. एवढा सगळा खटाटोप त्या पानात दिवसरात्र चालू असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते फक्त हिरवं, गुळगुळीत, चिवट पान.

आणि मग तो पांढरा चीक. कुठंही तोडा, क्षणात थेंब उभा राहतो. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, पान, फूल, साल, मूळ. तिच्यातलं ओलिअँड्रिन हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतं. संस्कृतात तिचं एक नाव हयमारक, घोड्याला मारणारी. दुसरं नाव करवीर, जे कोल्हापूरचंही जुनं नाव. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धूरही बाधतो. हे सगळं माणदेशातल्या बायकांना प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. आत्ती सोमवारी शंभू महादेवाच्या तसबिरीला फुलं घालायची, आणि तोडून झाली की राखेनं हात चोळून धुवायची. आम्हाला फुलाचा देठ तोंडात घालू द्यायची नाही. गावात कण्हेरीचं नाव दोन आवाजांत घेतलं जायचं. पूजेसाठी मोठ्यानं, आणि कधीकधी, विहिरीवर, एखाद्या सासुरवाशिणीची गोष्ट निघाली की, अगदी हळू. आम्ही मुली जवळ गेलो की ते बोलणं थांबायचं.

कागद वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. ती आता भावाकडे असते, ऐंशी ओलांडली आहे, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. मी विचारलं, आई, आपल्या न्हाणीमागच्या कण्हेरीला कुणी पाणी घालायचं का गं?

"का घालायचं नाही?" ती म्हणाली. "वन्सं घालायच्या की."

मी म्हटलं, पण आजी तर म्हणायची तिला लागत नाही.

"सासूबाईंना काय ठाऊक, त्या मागं कुठं यायच्या? वन्सं भांडी घासायला बसायच्या ना त्या दगडावर, तिथनं झाडापर्यंत रोज बोटानं चर ओढून ठेवायच्या. खरकटं पाणी, राखेचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं तिच्याकडं. बहात्तरला प्यायला पाणी नव्हतं गं, दोन कोसांवरनं हंडे आणायचो. परातीत बसून आंघोळ करायची, त्या पाण्यात पोरांचे कपडे पिळायचे, आणि उरलेलं कण्हेरीला. खडी फोडून आल्या तरी तेवढं करायच्याच. मी म्हणायचे, वन्सं, माणसाला नाही आणि झाडाला कुठं? तर म्हणायच्या, मानसं मागत्यात. हिला तोंड न्हाई."

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आईनं आपण होऊनच पुढचं सांगितलं, जे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. आत्ती ट्रंक घेऊन आली त्याच्या तिसऱ्या दिवशी आजीनं कुदळ घेतली आणि न्हाणीमागं गेली. कण्हेर मुळासकट खणून काढायला. कशासाठी ते कुणी बोललं नाही. घरात तरणी लेक परत आलेली, रात्रभर टक्क जागी, आणि मागं ते झाड. आजीनं पहिला घाव घातला तेव्हा आत्ती मधे येऊन उभी राहिली. "ऱ्हाऊ दे आई," म्हणाली. "मला देवाला फुलं लागत्यात." आजीनं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, म्हणे, आणि कुदळ भिंतीला टेकवून आत गेली.

त्या घरात आत्तीनं मोठ्यानं मागितलेली ती बहुधा एकच गोष्ट.

फोन ठेवल्यावर मला तो चर आठवला. खरंच होता. राखेनं करडी झालेली, बोटाच्या रुंदीची ओली रेघ, कडेला शिताचे कण, त्यावर मुंग्या. मी ती ओलांडून कितीदा न्हाणीत गेले असेन. आपण ज्याला आपोआप म्हणतो ते कुणीतरी रोज वाकून करत असतं हे कळण्याइतकं माझं वय नव्हतं, असं म्हणून सुटका करून घ्यावीशी वाटते. पण मग वहीच्या पानावर ती ओळ लिहिणारी बाई तर सत्तावन्न वर्षांची होती.

आत्ती 2009 मध्ये गेली. त्यानंतर गावचं घर बंदच. 2013 च्या मे महिन्यात जमिनीच्या कागदपत्रांसाठी आम्ही तिकडं गेलो, ते वर्ष फार वाईट होतं. वाटेत चारा छावण्या लागल्या, उन्हात दावणीला बांधलेली जनावरं, उसाच्या वाढ्यांचे ढीग, छावणीतच संसार मांडून बसलेली माणसं. घराच्या मागं गेले तर कण्हेर पहिल्यांदा ओळखूच आली नाही. निम्म्या फांद्या वाळलेल्या, साल सुटलेली, शेंड्याला चार-दोन पानं, फूल एकही नाही. मी मनाशी म्हटलं, एवढा दुष्काळ म्हटल्यावर कण्हेरही हरली. चार वर्षं भांड्यांचं पाणी थांबलेलं आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बुंध्याशी मात्र, दगडाच्या अंगाला, तीन फुटवे होते, हातभर उंचीचे.

श्रावणात पुन्हा गेले आणि त्यातलाच एक पेन्सिलीएवढा जाड तुकडा कापून आणला. चीक पुसून बाटलीतल्या पाण्यात ठेवला. चौथ्या आठवड्यात पांढरी मुळं दिसली. ते बाटलीतलं पाणीही विषारी होतं म्हणून नातवंडांच्या हाताला लागणार नाही असं वरच्या फडताळावर ठेवलं होतं. तीच ही पुण्यातली कण्हेर. आता हात वर केला तरी शेंडा लागत नाही.

हिनं इथं मला पुष्कळ दिलं. पावसाळ्यानंतर तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा येतो. पहिल्या वर्षी औषध मारायला निघाले होते, मग ढालकिडे आले आणि त्यांनी आठवडाभरात सगळं निस्तरलं. एकदा पानाच्या खाली आरशासारखा चकचकीत रुपेरी कोष लटकलेला दिसला. त्यात खिडकी दिसत होती, आकाश दिसत होतं, आणि जवळ गेले तर मीसुद्धा. नंतर त्यातून काळपट तपकिरी, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेलं कॉमन क्रो फुलपाखरू निघालं. जे विष इतरांना बाधतं तेच खाऊन ती अळी वाढते. आणखी एक मोठी हिरवी अळी येते, शेपटीला काटा असलेली. तिला हात लागला की मान आत ओढते आणि पाठीवरचे दोन निळसर पांढरे डोळे वटारते. ते खरे डोळे नव्हेत, तरी आपण हात मागं घेतो. मधमाश्या मात्र कण्हेरीवर फार रेंगाळत नाहीत. फुलात मध नसतोच. एवढा रंग, एवढा वास, आणि आत द्यायला काही नाही. हे कळल्यावर मला वाईट वाटलं होतं, आणि का वाईट वाटलं ते आजवर नीट सांगता येत नाही.

नाशिकहून येताना महामार्गाच्या दुभाजकात मैलच्या मैल कण्हेरीच होत्या. समोरच्या गाड्यांच्या दिव्यांची तिरीप अडते, गुरं खात नाहीत, निगा फारशी लागत नाही, म्हणून त्या तिथं असतात. धुरानं पानं काळी, फुलं तरीही गुलाबी. हिरोशिमाची गोष्ट शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत असे की 1945 मध्ये बाँब पडल्यावर पंचाहत्तर वर्षं इथं काही उगवणार नाही असं लोक म्हणत होते, आणि जळलेल्या जमिनीतून कण्हेर फुलली. 1973 साली त्या शहरानं तिला आपलं फूल केलं. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढायचा. त्या दिवशी बसच्या खिडकीतून दुभाजक पाहताना पाण्याचा टँकर दिसला. एक माणूस पाईप धरून एकेका बुंध्याशी क्षणभर थांबत पुढं सरकत होता, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. बस वेगानं पुढं गेली. घरी येऊन मी दारावरचा कागद वाचायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा मी त्या माणसाकडे पाहिलं आणि विसरून गेले.

आता जून संपत आला, पाऊस नाही. लाड करून कण्हेरीला चिखलात उभं करायचं नाही हे मला समजतं. रोजच्या पाण्यानं तिची मुळं कुजतात. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण खोलवर जिरेल असं, एवढंच तिला पुरतं. काल तांदूळ धुतलेलं आणि डाळीचं पाणी बादलीत साठवलं आणि संध्याकाळी मागं गेले. वरचा मुलगा त्याचा चेंडू शोधत कुंपणाशी आला. बादली पाहून थांबला.

"काकू, पण तिला लागत नाही ना?"

"लागतं," मी म्हटलं. "मी चुकीचं लिहिलं होतं."

त्यानं एकदा झाडाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी घालतो म्हणाला. बादली दोन्ही हातांनी उचलून त्यानं एकदमच ओतली. कोरडी, घट्ट झालेली माती; पाणी वरच्या वर धावलं आणि फरशीकडे वळलं. तो घाबरून पायानं अडवायला लागला. मी खाली बसले, आणि त्याला म्हटलं, असं नाही, बोटानं वाट करून दे. त्यानं गुडघे टेकून मातीत बोट घातलं आणि फरशीच्या कडेपासून बुंध्यापर्यंत एक वाकडीतिकडी रेघ ओढली. पाणी तोंडाशी थबकलं, थोडं फुगलं, मग त्या रेघेतून आत निघालं.